तुरुंगात गरीबच का दिसतात, आणि त्यावरून काय ठरतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. सोसायटीत एका आठवड्यात दोन फ्लॅट फुटले. सभेत पहिलं बोट मागच्या वस्तीकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या गाड्या धुणाऱ्या मुलाला पोलीस चौकशीला घेऊन गेले. तुमचे दादा म्हणाले, "जेलमध्ये जाऊन बघ, झाडून सगळे गरीब. अजून पुरावा काय हवा?" तुम्ही एम. ए.ला समाजशास्त्र घेतलंय, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मर्टन वाचलाय, गरिबीच्या ताणातून गुन्हा घडतो हे तुम्हाला पटतंही. पण मग त्याच वस्तीतली बाकीची पाचशे घरं चोरी का करत नाहीत, इथे तुमची गाडी अडलीय. आणि शेवटी लिहिलंय, "गरिबी हे गुन्ह्याचं कारण आहे की नाही, एका वाक्यात सांगा."

एका वाक्यात सांगता आलं असतं तर मर्टननंतरच्या लोकांनी एवढा कागद खर्च केला नसता. जरा सविस्तर लिहिते.

मी प्राध्यापक नाही. जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी वकिली करते, त्यातली बरीचशी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूनं. समाजशास्त्र बी. ए.ला होतं. ते पुन्हा काढून वाचावं लागलं, कारण रोज कोर्टात जे दिसत होतं त्याचा उलगडा कायद्याच्या पुस्तकात होत नव्हता. त्यामुळे माझ्या उत्तराला एक कल आहे, तो आधीच सांगून ठेवते: माझ्यापर्यंत पोचणारी माणसं गाळून आलेली असतात. पैसेवाला आरोपी माझ्याकडे येतच नाही. बावीस वर्षांच्या अनुभवाला वजन द्या, पण तो अनुभव एकाच खिडकीतून आलाय हेही लक्षात ठेवा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. कोणत्या थरातली माणसं कायदा जास्त मोडतात, हा एक. आणि मोडलेल्या कायद्यांपैकी कुठले पोलीस ठाण्याच्या वहीत चढतात, चढलेल्यांपैकी कोण आत जातं आणि गेलेल्यांपैकी कोण आतच राहतं, हा दुसरा. तुमचे दादा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यासमोर लिहिताहेत. एक प्रकरण सांगते, म्हणजे फरक कळेल.

मराठवाड्यातून आलेला सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबचे साचे बांधणारा कामगार. ठेकेदारानं अकरा आठवड्यांची मजुरी अडवलेली, हिशेब तेहतीस हजारांच्या घरात. दिवाळी तोंडावर आली, उचल मागितली तर शिव्या मिळाल्या. त्यानं एका रात्री साइटवरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा उचलून भंगारवाल्याला घातल्या आणि साडेचार हजार घेतले. सकाळी फिर्याद, दुपारी अटक, संध्याकाळी पंचनामा करून मुद्देमाल जप्त. पोलिसांनी काम चोख केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चोरी त्यानं केलीच होती.

पण तेहतीस हजारांचं काय? मजुरी वेळेवर न देणं हेही कायद्याचं उल्लंघन आहे, त्याला दंड आहे. मात्र त्याची वाट पोलीस ठाण्यातून जात नाही, कामगार कार्यालयातून जाते. तिथे फिर्याद नसते, 'अर्ज' असतो. आरोपी नसतो, 'सामनेवाला' असतो. ठेकेदाराला नोटीस जाते, तो तारीख मागतो. त्याच्या बोटांचे ठसे कोणी घेत नाही, सायंदैनिकात फोटो येत नाही आणि वर्षअखेरीच्या आकडेवारीत तो गुन्हेगार म्हणून मोजला जात नाही. सातपट रक्कम अडवणारा दिवाणी स्वरूपाच्या वादातला पक्षकार, आणि साडेचार हजारांचा माल उचलणारा चोर. वर्ग आणि गुन्हा यांचं नातं मी कुणाला समजावते तेव्हा सुरुवात इथून करते. कोण काय करतो याच्या आधी, कोणाच्या करणीला कायदा कुठल्या दारी पाठवतो ते बघा.

आता त्या माणसाचं पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण तुमच्या दादांच्या 'जेलमध्ये जाऊन बघ'चं खरं उत्तर त्यात आहे. चौथ्या दिवशी त्याला जामीन मंजूर झाला: पंधरा हजारांचा एक जामीनदार. त्यानंतर तो सात महिने आतच होता.

जामीन मंजूर होणं आणि जामिनावर सुटणं यांत केवढं अंतर असतं ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. जामीनदार म्हणजे नुसता ओळखीचा माणूस चालत नाही, त्याची ऐपत कागदावर दिसावी लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, नाहीतर तहसीलदाराचं ऐपत प्रमाणपत्र. याच्या शहरातल्या ओळखी म्हणजे दुसरे सेंट्रिंगवाले, सगळे भाड्याच्या खोलीत. गावाकडे भाऊ होता, दीड एकर कोरडवाहू होती, पण सातबारा अजून मेलेल्या बापाच्या नावावर. वारसनोंद झालेली नव्हती. ती करायची तर तलाठ्याकडे खेपा, खेपा म्हणजे खाडे, आणि खाडे म्हणजे मजुरी बुडाली. शिवाय जिल्हा दुसरा, म्हणजे पडताळणीला पत्र जाणार, उत्तर येणार. कोर्टाच्या आवारात भाड्यानं जामीन राहणारेही भेटतात, पण ते पैसे घेतात आणि पकडले गेले तर आरोपीलाच घेऊन बुडतात.

हे नवं नाही. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सोडण्याचा आदेश दिल्यावरही खालच्या न्यायालयानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, त्याला सोडायला सांगितलं आणि गरिबाकडे असा जामीन मागण्यावर कडक शब्दांत लिहिलं. त्या निकालाला चार दशकं उलटून गेली होती तेव्हा माझा सेंट्रिंगवाला आत बसला होता, त्याच कारणासाठी.

सात महिन्यांनी मुलाकातीत तो म्हणाला, "मॅडम, कबूल करून टाकू का? आतले म्हणतात लगेच सोडतात." आतल्यांचं खरं होतं. गुन्हा कबूल केला की न्यायाधीश बहुधा भोगलेल्या कैदेइतकीच शिक्षा देतात आणि माणूस त्याच संध्याकाळी बाहेर येतो. मी त्याला खटला लढवायचे फायदे सांगितले, त्यानं मुलीचं शाळेचं वय झालंय हे सांगितलं. त्यानं कबुली दिली. दोन वर्षांनी वेगळ्याच भागात घरफोडी झाली तेव्हा गुन्हे प्रकटीकरण पथकानं पहिल्यांदा ज्यांना उचललं त्यांत तो होता. का, तर 'रेकॉर्डवरचा' आहे.

आता आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांतले 4,34,302, म्हणजे सुमारे 76 टक्के, न्यायबंदी होते. जेलच्या भाषेत कच्चे कैदी. म्हणजे तुमचे दादा जेलमध्ये जाऊन बघतील तेव्हा समोरच्या चारांपैकी तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नसेल. शिक्षणाचा रकाना बघितला तर दोन तृतीयांशांच्या आसपास कैदी निरक्षर किंवा दहावीच्या खालचे. फाशीच्या कैद्यांचा एक मोठा अभ्यास दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटानं 2016 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. दादांचं निरीक्षण खोटं नाही. तुरुंग गरिबांनी भरलेत. पण तुरुंग ही चाळण आहे, आणि चाळणीत काय उरलं यावरून शेतात काय पिकलं ते ठरवू नये. चाळणीची भोकं केवढी आहेत तेही बघावं लागतं.

त्याच गुन्हे नोंद विभागाचे राज्यवार आकडे घ्या. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या दरात केरळ वर्षानुवर्षं वरच्या राज्यांत दिसतं, बिहार त्याच्या खाली. गरिबी म्हणजे गुन्हा हे सरळ गणित असतं तर उलटं दिसायला हवं होतं. केरळात लोक ठाण्यात जातात, ठाण्यात लिहून घेतात. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे तो विभाग स्वतःच बजावतो. वर्तमानपत्रं तेवढं वाक्य गाळतात.

आता सिद्धांतांकडे येते. मर्टन मला आवडतो आणि त्याला घाईत निकालात काढू नये असं मला वाटतं. त्याचं 1938चं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायच्या शिड्या सगळ्यांना देत नाही. त्या ताणातून काही जण आडवाट धरतात. आपल्याकडे याचं उदाहरण म्हणून गिरणगाव सांगतात आणि ते पोकळ नाही. 1982च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. बाप गिरणीत, मग मुलगा बदली कामगार म्हणून चिकटणार, ही शिडीच निघून गेली. पुढच्या काही वर्षांत लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींतली काही मुलं टोळ्यांकडे गेली.

'काही' या शब्दावर थांबा. कारण तुमची अडलेली गाडी तिथेच आहे. त्याच चाळींतली कितीतरी जास्त माणसं वॉचमन झाली, रिक्षा चालवू लागली, वडापावची गाडी लावून बसली, कोकणात किंवा घाटावर परत गेली. घरातल्या बायकांनी डबे केले, धुणीभांडी केली. मर्टनच्या तक्त्यातच हे लोक आहेत. पाच प्रकारच्या प्रतिसादांत एक असा आहे की स्वप्न सुटलेलं असतं, पण नियम सुटत नाहीत; माणूस रोज उठून जमेल ते काम करत राहतो. वर्गात शिकवताना आडवाट धरणाऱ्यांवर तासभर जातो आणि हा प्रकार दोन ओळींत संपतो. गरिबांमध्ये सगळ्यांत मोठी संख्या त्यांची आहे.

मग काहीच जण टोळीकडे का? इथे क्लोअर्ड आणि ओहलिन यांचं 1960चं उत्तर मला कामाच्या अनुभवाशी जुळतं वाटतं. ते म्हणतात, चांगल्या नोकरीला जशी ओळख लागते, तशी ती वाईट धंद्यालाही लागते. नाक्यावर टोळी असायला हवी, तिला माणूस हवा असायला हवा, आणि तुमची हमी घेणारा आत कोणीतरी हवा. घरफोडी हेसुद्धा शिकायचं काम आहे. कुलूप कसं तोडायचं आणि सोनं कुठे वितळवायचं हे उपाशी पोटाला आपोआप कळत नाही. माझ्या पक्षकारांपैकी सराईत म्हणावेत असे थोडे, आणि त्या थोड्यांतल्या जवळपास प्रत्येकाच्या कहाणीत चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाताशी धरणारा एक मोठा मुलगा असतो. कोहेननं 1955 मध्ये वेगळाच मुद्दा काढला होता, की पोरांच्या बऱ्याच गुन्ह्यांत पैशाचा फायदा नसतोच. शाळेनं 'ढ' ठरवलेला मुलगा दुसरीकडे मान शोधतो. रात्री गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या मुलांची प्रकरणं चालवली तेव्हा मला ते पटलं. त्यांना कारटेप नको होता, चर्चा हवी होती.

वस्तीचाही भाग असतोच. शॉ आणि मॅके यांनी शिकागोत दाखवलं की ठरावीक भागांत राहणारे समाज बदलत गेले तरी बालगुन्हेगारीचे दर त्या भागांत चढेच राहिले. म्हणजे दोष तिथे राहणाऱ्या जमातीत नाही, त्या जागेच्या अवस्थेत काहीतरी आहे: सतत बदलते भाडेकरू, एकमेकांना न ओळखणारे शेजारी, पोराला हटकायला कोणी नाही. गंमत म्हणजे तुमच्या सोसायटीमागच्या वस्तीत हटकणाऱ्या आज्या आहेत आणि तुमच्या सोसायटीत, अंदाजानं सांगते, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते निम्म्यांना माहीत नाही.

आता तो भाग, जो महाराष्ट्रात राहून समाजशास्त्र शिकणाऱ्यानं सगळ्यांत नीट वाचायला हवा आणि जो पाठ्यपुस्तकात 'लेबलिंग' अशा एका शब्दात उरकतात. शिक्का मारणं. बेकरनं 1963 मध्ये मांडलं की विचलन हे कृत्यात नसतं, ते कृत्याला इतरांनी दिलेल्या नावात असतं. आपल्याकडे सरकारनं ते त्याच्या कितीतरी आधी कायदा करून दाखवलं होतं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला पास. मुंबई इलाख्यात पुढे तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापुरात त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पोचवतो. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा 1959चा, आणि ठाण्यातल्या सवयी तशाच पुढे चालल्या.

पारधी समाजातल्या माणसाची केस चालवताना हे उघड दिसतं. अंधार पडल्यावर रस्त्यावर दिसला की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं (जुना मुंबई पोलीस कायदा) कलम 122: सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत आढळणं. सणावाराच्या आधी चॅप्टर केस, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेणारी प्रतिबंधक कारवाई. चार चॅप्टर झाल्या की तडीपारीची नोटीस. आणि मग कुठे दरोडा पडला की संशयितांची यादी तयारच. ज्याच्यावर नजर जास्त, त्याचे गुन्हे जास्त दिसतात. जास्त दिसतात म्हणून नजर आणखी वाढते. यातला कुठलाही पोलीस वाईट असायची गरज नाही, यंत्रणा आपोआप फिरते. एक पकडला की 'सहा घरफोड्या उघडकीस' अशी बातमी येते ती जरा शंकेनं वाचत जा. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479 मध्ये, पहिल्यांदाच अडकलेल्या न्यायबंद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर सोडायची तरतूद आहे. चांगली आहे. पण एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असली तर ती लागू होत नाही. सहा घरफोड्या नावावर चढल्या की तो बाद.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. 2024 मध्ये हे सांगावं लागलं. तुम्ही परीक्षेत 'वर्ग' लिहाल, पण भारतात त्याखाली जात असते हे लिहायला विसरू नका. अनुसूचित जातींचा लोकसंख्येतला वाटा 2011च्या जनगणनेत 16.6 टक्के होता. तुरुंगात पाचातला एक त्यांच्यातला असतो.

शिक्क्याची दुसरी बाजू चॅम्ब्लिसनं 1973 मध्ये टिपली. अमेरिकेतल्या एका शाळेतली दोन टोळकी. आठ मुलं चांगल्या घरची, सहा गरीब घरची. दारू, तोडफोड, दांड्या मारणं दोन्हीकडे. गाडी बेफाम चालवण्यात चांगल्या घरचीच पुढे. पोलिसांच्या डोळ्यांवर आलेली मात्र गरीब घरची, कारण त्यांच्याकडे गाडी नव्हती, ती गावातल्या चौकातच दिसायची, आणि पकडल्यावर त्यांना गोड बोलता यायचं नाही. तुमच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये रात्री बाटल्या फुटतात का, आणि फुटल्या तर सेक्रेटरी कोणाला फोन करतात, पोलिसांना की वडिलांना?

बाटलीवरून आठवलं. आपल्या बारला 'परमिट रूम' का म्हणतात माहितीय? 1949च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो कायदा अजून आहे. परवाना किती जणांच्या खिशात असतो ते तुम्हीच बघा. पण त्या कायद्याखाली न्यायालयात येणाऱ्यांत माझ्या समोर हातभट्टी लावणाऱ्या बायका असतात. परवान्याशिवाय व्हिस्की पिणारे साहेब मी त्या कायद्याखाली उभे राहिलेले पाहिले नाहीत. हातभट्टी विषारी असू शकते, तिनं माणसं मेली आहेत, म्हणून ती रोखायलाच हवी. माझा मुद्दा एवढाच की एकाच कायद्याची धार दोन ठिकाणी वेगळी लागते.

आणि आता 'पांढरपेशी गुन्हेगारी'. मराठीत 'पांढरपेशा' हा प्रतिष्ठेचा शब्द आहे, त्याला गुन्हेगारी जोडली की अजूनही कानाला खटकतं. सदरलँडनं 1939 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञांसमोर अध्यक्षीय भाषणात हेच केलं तेव्हा तिथेही खटकलं. गरिबी, मोडकी घरं यांतून गुन्हा येतो म्हणता, मग या सुखवस्तू माणसांचं काय, असा त्याचा सवाल होता. 1949 मध्ये त्यानं 70 मोठ्या कंपन्यांवरचे निर्णय तपासून पुस्तक काढलं, पण कंपन्यांची नावं गाळावी लागली. नावांसकट आवृत्ती यायला 1983 उजाडलं. घरफोड्याचं नाव छापताना कोणी इतका विचार केल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडचं ताजं उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येणार होते. एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जं लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली, असा आरोप. अटका झाल्या, हे मान्य. पण त्या बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त बाईंना सभेत कोणी विचारलं का, की बांधकाम व्यावसायिकांच्या वस्तीत पोलीस गस्त वाढवायची का?

एवढं सगळं लिहून झाल्यावर स्वतःच्या विरोधात थोडं बोलते. कारण माझ्यासारखे लोक इथे एक चूक हमखास करतात: गरिबाचा गुन्हा हा गुन्हाच नाही, सगळा पोलिसांचा खेळ, असं मानायला लागतात. ते खरं नाही. 1978 मध्ये टिटल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 35 अभ्यास एकत्र करून म्हटलं की वर्ग आणि गुन्हा यांचा संबंध जवळपास मिथकच आहे. तीन वर्षांनी ब्रेथवेटनं त्याहून खूप जास्त अभ्यास धुंडाळून उत्तर दिलं: पोलिसांनी नोंदलेल्या, रस्त्यावरच्या गंभीर गुन्ह्यांत खालच्या थराचं प्रमाण खरोखर जास्त दिसतं, मात्र सत्तेच्या जागेवरून होणारे गुन्हे मोजले की चित्र पालटतं. मला ब्रेथवेट पटतो. आणि त्याच्या जोडीला ली आणि यंग यांचं 1984चं म्हणणं, की रस्त्यावरच्या गुन्ह्याचे बळीही बहुतेक गरीबच असतात. मोबाइल हिसकावला जातो तो रात्रपाळीहून लोकलनं परतणाऱ्या मुलीचा. वस्तीत चाकू चालतो तो वस्तीतल्याच माणसावर. माझ्या सेंट्रिंगवाल्याची खोली तो आत असताना फुटली. गॅसची टाकी आणि बायकोची पैंजणं गेली. त्याची फिर्याद कोणी लिहून घेतली नाही, म्हणजे आकड्यांत तीही नाही.

तेव्हा 'परिस्थितीवर अवलंबून' हे माझं उत्तर टाळाटाळ नाही. गुन्हा कुठला ते आधी सांगा. बायकोला मारहाण मी सगळ्या थरांत पाहिलीय; फरक एवढाच की चाळीत भिंत पातळ असते आणि बंगल्यात कुंपण लांब. पाकीटमारी आणि साखळीचोरीत गरीब जास्त. करचुकवेगिरीला आधी उत्पन्न लागतं. वयही धरा, तरुण पुरुष सगळीकडेच पुढे. आणि नुसत्या गरिबीपेक्षा शेजारी दिसणारी श्रीमंती जास्त टोचते, हे तुमच्या सोसायटीच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलं की कळेल.

दादांसाठी थोडक्यात: त्यांनी पाहिलं ते खरं, काढलेला निष्कर्ष कच्चा. परीक्षेसाठी: मर्टनला सुरुवातीला ठेवा, क्लोअर्ड-ओहलिननं त्याचं भोक बुजवा, बेकर-चॅम्ब्लिसनं नोंदीकडे वळा, सदरलँडनं 'गुन्हा' या शब्दाची व्याप्ती विचारा, आणि ब्रेथवेटवर या. उदाहरणं इथली द्या.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. गाड्या धुणाऱ्या मुलाला नेलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो परत आला का? त्याचं वय किती? आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधायला सांगा. अठराच्या आत असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. अटक दाखवली असेल तर चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करायला हवं. वकील लावायची ऐपत नसली तरी अडत नाही. कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करायचा, नाहीतर 15100 वर फोन. आणि जामीन झाला, पण जामीनदार मिळत नसेल, तर महिनाभर वाट बघत बसू नका. अट शिथिल करून जातमुचलक्यावर सोडावं असा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर घरपट्टीची पावती घेऊन तुम्हीसुद्धा त्याला जामीन राहू शकता. दादांना विचारून बघा.